देवाजीच्या जागेवर कोण?

देवाजी सेलोकर पंधरा वर्षं आमच्या टीमचा सेंटर हाफ होता. त्यातली शेवटची चार वर्षं तो ती जागा सोडायला बघत होता, पण आम्ही सोडू देत नव्हतो. आम्ही म्हणजे तुमसरचे फुटबॉलवेडे. स्वतः कधी बॉलला नीट लाथ न मारलेले, पण कोणी कुठे खेळावं हे छातीठोकपणे सांगणारे. त्यातलाच मी एक. तेव्हा मी बाजार समितीत कारकून होतो आणि मंडळाचा कागदपत्रांचा भार माझ्याकडे होता, म्हणून बाकीच्यांपेक्षा माझा आवाज जरा मोठा.

देवाजी मूळचा आंबागडचा. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची दीड एकर धानाची बांधी होती. तेवढ्यात भागायचं नाही, म्हणून घरातले सगळे जंगलच्या कामालाही जायचे. विशीत तो तुमसरला आला आणि टेकचंद सेठच्या राईस मिलमध्ये पोती उचलायला लागला. दुपारच्या सुट्टीत मिलच्या आवारात कामगार बॉल खेळत, त्यात हा अनवाणी खेळायचा. सेठला फुटबॉलचा नाद होता. नवज्योत क्रीडा मंडळ त्याच्याच आधाराने चाललेलं. त्याने देवाजीला पोत्यांखालून काढलं आणि काट्यावर बसवलं. आलेल्या धानाचं वजन करायचं, सावलीत बसायचं, पाठीवर ओझं नाही. त्याच्या बदल्यात पावसाळाभर मंडळाकडून खेळायचं. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे फुटबॉल पावसाळ्यात. उन्हाळ्यात मैदान तापून दगडासारखं होतं, म्हणून खेळ बंद आणि बोलणं सुरू. संध्याकाळी पाचनंतर कृष्णरावच्या सायकल दुकानासमोर पाणी शिंपडलं जायचं आणि आम्ही जमायचो. कोण टीम सोडून चालला, कोणाला कुठून आणायचं, मधल्या दोन जागांवर कोण, यावर महिनाभर खल चालायचा. मध्ये दोन हाफ, तेच टीमचा कणा, हे कृष्णरावचं ठाम मत. पंक्चर काढता काढता तो खडूने फरशीवर अकरा ठिपके काढायचा आणि पाण्याच्या बादलीने ते पुसून पुन्हा काढायचा.

१९७८च्या मे महिन्यात आमच्यावर संकट कोसळलं. देवाजीचा जोडीदार हमीद रेल्वेत लागला आणि नागपूरला गेला. तिकडच्या टीमने त्याला घेतलंही. म्हणजे एक हाफ गेला.

"राईट इनले मांगं आना," पुढच्या फळीतल्या उजव्या खेळाडूबद्दल कृष्णराव म्हणाला. "तो धावते चांगला."

"मंग गोल कोन करंल?" मी विचारलं. "मागच्या साली सहा गोल त्याचेच होते."

बाजूच्या दुकानात शिवणकाम करणारा घनश्याम गळ्यात टेप घेऊनच यायचा. तो म्हणाला, "आंधळगावात एक हाये. कोशाच्या साड्या विनते. डाव्या पायानं असा लांब बॉल टाकते का पाहातच राहा."

"विननारा मानूस दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसते. तो काय धावंल?" कृष्णराव म्हणाला.

"धावाले कोन सांगते? हाफले डोकं लागते."

"त्यापेक्षा मँगनीज खानीच्या टीममधला तो उंच पोरगा फोडा."

"त्याले खानीत पक्की नोकरी हाये. तू त्याले काय देशीन, पंक्चर काढून?"

देवाजी तिथेच होता. त्याच्या सायकलचं काम चाललं होतं. एका खोक्यावर तो डावा पाय लांब करून बसला होता. तो पाय त्याला दुमडता येत नसे, हे आम्ही रोज बघत होतो आणि रोज विसरत होतो.

"दोन मानसं पाहा," तो म्हणाला. "एक हमीदच्या जागी. एक माह्या."

आम्ही हसलो. कृष्णराव म्हणाला, "तुमच्या जागी कोन येईन देवाजीभौ? तुम्ही तं तिरडीवरून उठून हेड माराल."

देवाजीही थोडा हसला. सायकल घेतली आणि गेला. आम्ही पुन्हा फरशीवरच्या ठिपक्यांकडे वळलो. देवाजीचा ठिपका कृष्णरावने पुसलाच नव्हता. तो नेहमी तसाच असायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती हलायचे.

घरी काय चालायचं ते मला फार नंतर त्याच्या बायकोने, ललिताबाईंनी सांगितलं. मॅच झाली की गुडघा सुजायचा, आत पाणी व्हायचं. त्या एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधायच्या. रात्री झोपेत त्याचे पाय झटके द्यायचे. छत्तीस वर्षांचा माणूस सकाळी खाटेवरून उठताना आधी भिंत धरायचा. "मी म्हनत होतो, सांगा त्यायले," ललिताबाई म्हणाल्या. "तं म्हनत, सांगतलं. ऐकत नाईत."

आम्ही ऐकत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच माणूस शोधायला घेतला. मिलला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत सायकल काढायची. पहिल्यांदा तो आंधळगावला गेला. तो कोसा विणणारा भेटला, चहा पाजला, आणि हात जोडून म्हणाला की त्याने खेळणं सोडलं. लग्नसराईच्या साड्या मागावर होत्या आणि पायाला काही झालं तर माग बंद. देवाजी म्हणाला, "बरोबर हाये." आणखी आग्रह केला नाही.

दोन आठवड्यांनी तो सिहोऱ्याला गेला. उन्हाळ्यात बांध्या कोरड्या पडतात, त्यातल्याच एका मोठ्या बांधीत गावातले तरुण खेळत होते. देवाजी बांधावर पळसाच्या सावलीत बसला. त्यात भोजराज नावाचा बाविशीचा एक जण होता. जोडे नाहीत, अंगात बनियन. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो एकदा मागे आणि एकदा बाजूला बघून घ्यायचा. देवाजीने मला नंतर एवढंच सांगितलं, "तो आधी पाहत होता. बाकीचं शिकवता येते."

खेळ संपल्यावर तो भोजराजसोबत त्याच्या घरी गेला. वडील वारलेले, घरात आई, पार्वताबाई. भोजराज एका पायावर तयार होता. पार्वताबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "मॅच कवा असतेत?"

"आगस्टात. पंधरा तारखेले फायनल."

"म्हनजे ऐन रोवन्यात." धानाची रोपं, पऱ्हे, लावायचे दिवस ते. त्या म्हणाल्या, "पऱ्हे लावाले बाया भेटतेत. पन चिखल कोन करंल? बैलायमागं कोन चालंल? हा एकच मानूस हाये घरात."

देवाजीने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "ज्या दिवशी हा खेळंल त्या दिवशी मी येतो."

"तुम्ही मिलचे मानूस."

"मी आंबागडचा आहो बाई. रोवना जानतो."

पार्वताबाईंनी त्याच्याकडे, त्याच्या लांब केलेल्या पायाकडे बघितलं. "शब्द देता?"

"देल्ला."

त्याचा हिशेब साधा होता. भोजराज आमच्याकडे आला की आम्हाला सेंटर हाफ मिळाला. आणि मॅचच्या दिवशी आपण सिहोऱ्याला बांधलेले असलो की आपल्याला कोणी मैदानात उतरवू शकत नाही. पण आमच्यासारख्यांचा हिशेब त्याला धरता आला नाही. जूनमध्ये भोजराज सरावाला आला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली, "हा तं जोडे घालून घसरते." पंधरा दिवसांनी कृष्णरावच्या दुकानासमोर वेगळीच हवा होती.

"झालं," कृष्णराव फरशीवर दोन ठिपके जाड करत म्हणाला. "हमीदच्या जागी भोजराज, बाजूले देवाजीभौ. यंदा शिल्ड आपली."

घनश्याम म्हणाला, "जुना अन् नवा. अशी जोडी खानीजवळही नाई."

देवाजी त्या दिवशी तिथे नव्हता. मैदानावर भोजराजला शिकवत होता. मी घरी जाताना थोडा थांबलो होतो. तो एका जागी उभा राहून सांगायचा. "सगळे धावतेत तिकडे धावू नोको. चालत जाय, पन आधी निंघ." आणि, "बॉल सोडाची घाई कर. ठेवून काय करतो?" भोजराज मान डोलवायचा. मला वाटलं, देवाजी पुढच्या सीझनची तयारी करतोय.

जुलैच्या शेवटी शिल्डसाठी, म्हणजे ऑगस्टातल्या स्पर्धेसाठी, नावं द्यायची होती. सोळा नावं मी लिहून काढली. देवाजी बाजार समितीत आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

"माहं नाव काट."

"काहून?"

"काट म्हनलं ना."

मी म्हणालो, "राहू द्या ना देवाजीभौ. नाव असलं तं काय बिघडते? कामी पडंल." त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग निघून गेला. यादी मी तशीच पाठवली. त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं.

तिथून तो सेठकडे गेला, हे नंतर कळलं. टेकचंद सेठ वाईट माणूस नव्हता. त्याने देवाजीला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि म्हणाला, "देवाजी, काटा मी खेळाडूसाठी ठेवला हाये. ते तुले माहीत हाये."

"हो सेठजी. म्हनून सांगाले आलो. रोवना आटोपला का काटा भोजराजले द्या."

"अन् तू?"

"पटांगनात लावा."

पटांगण म्हणजे मिलमागची मोठी सिमेंटची जागा. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायला धान उकडून तिथे वाळत घालतात आणि दिवसभर उन्हात त्यावरून पाय ओढत चालून ते उलटंपालटं करतात. सेठ म्हणाला, विचार कर. देवाजी म्हणाला, केला. ललिताबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. काटा होता तेव्हा लोक त्याच्या घरी येऊन बसायचे. पटांगणातल्या माणसाकडे कोण येतं? तिसऱ्या दिवशी त्या त्याच्यासाठी जुन्या धोतराचं फडकं घेऊन आल्या, डोक्याला बांधायला.

शिल्डच्या पहिल्या दोन मॅच रविवारी होत्या आणि देवाजी दोन्ही दिवस सिहोऱ्याला होता. आम्ही चरफडलो, पण जिंकलो. राईट इनला मागे आणलं होतं आणि भोजराज खरोखर चांगला खेळत होता. फायनल खाणीच्या टीमशी. आदल्या दिवशी सरावात राईट इनचा घोटा मुरगळला. चौदा तारखेची संध्याकाळ दुकानासमोर भांडणात गेली. याला खेळवा, त्याला मागे घ्या, लेफ्ट इनला आणा. शेवटी कृष्णराव म्हणाला, "कायले डोकं फोडता? यादीत देवाजीचं नाव हाये. सकाळी कोनी जाऊन घेऊन या."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सुट्टी होती, मी मोकळा होतो.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी सिहोऱ्याला गेलो. मॅच चार वाजता होती. देवाजी आदल्या दिवशीच गेला होता. गावाबाहेर तळ्याखालच्या बांध्यांत रोवणी चालली होती. बाया ओळीने वाकून पऱ्हे लावत होत्या. पलीकडच्या बांधीत बैलांमागे एक माणूस गुडघाभर चिखलात चालत होता. प्रत्येक पावलाला आधी उजवा पाय टाकायचा आणि मग डावा हाताने मांडी धरून उचलायचा. मी त्याला चालीवरून ओळखलं नाही. पंधरा वर्षं त्याला मैदानावर बघितलं होतं, तरी जवळ जाईपर्यंत ओळखलं नाही.

"देवाजीभौ," मी बांधावरून म्हणालो, "चला. राईट इनचा पाय गेला. दुपारची बस हाये."

त्याने बैल थांबवले. "मी शब्द देल्ला हाये इथं."

पार्वताबाई जवळच पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. दोन बांध्या राहिल्या. मी कोनाले बोलावून घेतो. माह्या पोरासाठीच तं हाये."

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "पाहा, बाईच म्हनतेत."

देवाजीने नांगराची मूठ सोडली आणि बांधापर्यंत आला. बांधावर बसला. डाव्या गुडघ्यावर फडकं गुंडाळलेलं होतं, त्यातून चिखल गळत होता.

"नाई बाई," तो पार्वताबाईंना म्हणाला, "तुम्हाले देल्लेल्या शब्दाचं नाई हे." मग माझ्याकडे वळला. "मलेच नाई जायचं. समजलं का? मी थकलो. चार साल झाले सांगून राहिलो का मी थकलो. तुम्ही हसता. मॅच आली का मले आदल्या राती झोप लागत नाई. खेळाच्या भेवानं नाई, पायाच्या भेवानं. मैदानात उभा राहतो तं तुम्ही बाहेरून वरडता, देवाजी धाव. कुठून धावू?"

त्याचा आवाज चढला नव्हता. धानाचं वजन सांगावं तसा तो बोलत होता.

मी म्हणालो, "पन इथं तं तुम्ही चिखलात..."

"इथं कोनी पाहत नाई," देवाजी म्हणाला. "हळू चाललो तं बैलही हळू चालतेत."

थोड्या वेळाने तो उठला आणि पुन्हा बैलांमागे गेला. बस यायला वेळ होता. मी बांधावर बसून राहिलो. मग पार्वताबाई म्हणाल्या, "बसूनच राहाचं असंल तं पेंड्या आनून द्या." मी पँट दुमडली आणि उतरलो. चिखलात पहिल्यांदा पाय टाकला की तो आत किती जातो आणि काढताना किती ताकद लागते, हे मला त्या दिवशी कळलं. तासाभरात माझी कंबर गेली. दुपारी बांधावरच भाकर आणि आंबाडीची भाजी खाल्ली. दुपारची बस गेली. मी जाऊ शकलो असतो. का गेलो नाही हे मी स्वतःला नीट सांगू शकत नाही. रिकाम्या हाताने जाऊन कृष्णरावला काय सांगायचं, याची भीती होतीच. पण तेवढंच नव्हतं.

चार वाजता देवाजीने एकदा आभाळाकडे बघितलं. "सुरू झाली असंल," मी म्हणालो. त्याने बैलांना हाकारलं.

संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरने सांगितलं. दोन-एक, खाण जिंकली. आपला एक गोल भोजराजच्या पासवरून झाला. दुसरा गोल आपल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत बसला, मधून सरळ वाट मोकळी होती म्हणे. देवाजीने ऐकलं आणि विचारलं, "भोजराजले लागलं तं नाई?" नाही म्हटल्यावर तो खिडकीशी डोकं टेकून बसला.

पुढचं वर्षभर गावाने त्याला माफ केलं नाही. कृष्णराव त्याच्या सायकलची हवा भरून द्यायचा, पण तोंड फिरवून. घनश्याम उघड म्हणायचा की मिलचं मीठ खाल्लं आणि ऐन वेळी शेतात लपला. मी एकदा म्हणालो की मी बघितलंय त्याचा पाय. तर मला विचारलं गेलं, तू गेला होतास ना आणायला, मग का नाही आणलं? त्याच्या बाजूने जितकं बोलायला हवं होतं तितकं मी बोललो नाही, हे खरं आहे.

भोजराज काट्यावर बसला आणि दोन सीझन खेळला. मग खाणीने त्याला नोकरी देऊन नेलं. पक्की नोकरी, राहायला खोली. दुकानासमोर त्याला गद्दार ठरवण्यात आलं. तो जायच्या आधी देवाजीच्या पाया पडायला पटांगणात गेला होता. उसन्या धानाची वाफ उठत होती, देवाजीने पाय ओढणं थांबवलं नाही. "आईले सोबत नेजो," एवढं म्हणाला. पार्वताबाई गेल्या नाहीत. त्यांनी बांधी अर्ध्या वाट्याने कसायला दिली आणि गावातच राहिल्या.

देवाजी पटांगणात आठ वर्षं होता. उन्हाने तो काळा पडला, वाळला. गुडघा बरा झाला नाही, पण सुजणं कमी झालं. खेळ बघायला तो कधी आला नाही. आम्हीही हळूहळू बोलवायचं सोडलं. मंडळही पुढे ढिलं पडत गेलं. सेठच्या मुलांना फुटबॉलमध्ये रस नव्हता, आणि नव्या पोरांना क्रिकेट हवं होतं. १९८६मध्ये देवाजीने मिल सोडली आणि बायकोला घेऊन आंबागडला परत गेला.

पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका घेऊन तो स्वतः माझ्याकडे आला होता. कृष्णरावकडेही गेला होता, पण कृष्णराव आला नाही. मी गेलो. मांडव साधाच होता, दुपारची वेळ, पंगत बसली होती. देवाजी वाढत होता. हातात वरणाची बादली, डावा पाय थोडा बाजूला टाकत तो ओळीतून पुढे सरकत होता. वराकडचे एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. देवाजी समोर आल्यावर ते म्हणाले, "इवाईबुवा, तुम्ही मोठे खेळाडू होते म्हनतेत. आमच्या गावचे लोक नाव घेतेत तुमचं."

"होतो," देवाजी म्हणाला. "वरन घेता का?"

त्यांनी घेतलं. देवाजी माझ्या पत्रावळीत वाकला, वरण वाढलं आणि म्हणाला, "भात थंडा झाला तुहा. थांब, गरम आनाले सांगतो."